संबळाशेजारचं टेबल

आज गाण्याविषयी बोलायचं आहे आणि मतदानाविषयीही. कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. सामुदायिक रेडिओला राजकीय प्रचार करायची परवानगी नाही, आणि असती तरी त्या बाबतीत तुम्ही आमचं ऐकलं असतंत असं काही आम्हाला वाटत नाही.

गोष्ट आमच्याच गटातल्या एका मावशीची आहे. मागे एका निवडणुकीआधी बाजाराच्या दिवशी मतदार जागृतीचा कार्यक्रम झाला. संबळ होता, पावरी होती, बायांनी फेर धरला. मावशी सगळ्यांच्या पुढे. संबळ ऐकला की तिचे गुडघे दुखत नाहीत, हे आम्ही नेहमीच पाहतो. नाचून झाल्यावर सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो निघाले, आपण आपापल्या पाड्यावर परत आलो. मतदानाच्या दिवशी मावशी नवं लुगडं नेसून शाळेवर गेली. पाड्यापासून शाळा चार किलोमीटर. तिथे यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. तिचं नाव नव्हतं. त्याआधीच्या खेपेला होतं, या खेपेला नव्हतं. मावशी परत आली आणि आम्हाला म्हणाली, “नाचायला बोलावलं तेव्हा कुणी नाव विचारलं नाही.”

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. गाणं माणसाला मतापर्यंत नेतं असं सगळे म्हणतात. खरंच किती नेतं, आणि कुठे सोडून देतं? म्हणून जुनं शोधत गेलो. जे सापडलं ते आज सांगतो.

सुरुवात झाली थेट अमेरिकेपासून. आमच्यातली एक मुलगी कॉलेजात शिकते. तिनं एके दिवशी रेकॉर्डिंगच्या खोलीत फोनवर एक गाणं लावलं. जेम्स ब्राउन नावाच्या गायकाचं. त्या प्रकाराला फंक म्हणतात. शब्द आम्हाला कळत नव्हते. पण आमच्याकडे संबळ वाजवायला येणारे एक बाबा बसले होते, त्यांचं बोट टेबलावर पडायला लागलं. बाबा म्हणाले, “यात सगळे पहिल्या ठोक्यावर एकदम पडतात, मग ज्याला जिकडं जायचं तिकडं जातो, परत पहिल्या ठोक्याला घरी.” मुलीनं नंतर वाचून सांगितलं की फंकची ओळख बहुतेक अशीच सांगतात. पहिल्या मात्रेवर सगळा भार. गिटार, तुतारीसारखी पितळी वाद्यं, गळा, सगळं जणू ढोलच असल्यासारखं वाजवायचं. बाबांना पुस्तक लागलं नाही.

तर तिकडे अशा जुन्या फंक गायकांच्या आठवणीत कार्यक्रम होतात. जेम्स ब्राउन २००६ साली गेले, त्यांचीही गाणी आजचे वादक वाजवतात. आणि निवडणुकीचं वर्ष असलं की अशा कार्यक्रमांना एक टेबल असतं. दाराशी. टेबलामागे दोन पोरं बसलेली. येणाऱ्याला विचारायचं, तुझं नाव मतदारयादीत आहे का? नसेल तर इथेच अर्ज भर, मग आत जाऊन नाच. १९९० साली ‘रॉक द व्होट’ नावाची संस्था या कामासाठी निघाली, २००४ साली ‘हेडकाउंट’ नावाची दुसरी निघाली. या दुसरीचं तर मुख्य कामच गाण्याच्या कार्यक्रमात टेबल मांडणं.

टेबल का लागलं, हे कळायला फॅनी लू हेमर या बाईची गोष्ट माहीत हवी. मिसिसिपी राज्यातली. आईबापांचं विसावं मूल. वाट्यानं कापूस करणारं घर, म्हणजे जमीन मालकाची, राबणं आपलं, आणि हिशोब मालकाच्या वहीत. असे हिशोब आपल्याकडच्या आज्यांनाही चांगले माहीत आहेत. १९६२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं की काळ्या माणसाला मताचा हक्क आहे. ३१ ऑगस्टला अठरा जण एका जुन्या बसमधून तालुक्याच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. तिथे परीक्षा होती. राज्याच्या घटनेतलं एक कलम पुढे ठेवायचं आणि त्याचा अर्थ लिहून दे म्हणायचं. कलम असं निवडायचं की वकिलालाही घाम फुटावा. हेमरबाई नापास झाली. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे. बसमध्ये सगळे घाबरून गप्प. तेव्हा मागच्या बाकावरून या बाईनं देवाची गाणी म्हणायला सुरुवात केली. घरी पोचली तर मालकाचा निरोप तयार होता, अर्ज मागे घे नाहीतर घर सोड. अठरा वर्षं राबलेली जागा तिनं त्या रात्री सोडली. पुढच्या वर्षी, १९६३च्या जानेवारीत, ती परीक्षा पास झाली. तरी लगेच मत देता आलं नाही, कारण मग मतपट्टीच्या दोन वर्षांच्या पावत्या मागितल्या. त्याच वर्षी तुरुंगात तिला इतकं मारलं की ती त्यातून पुरती बरी कधी झालीच नाही.

१९६५च्या ऑगस्टमध्ये तिकडे मतदान हक्काचा कायदा झाला आणि असल्या परीक्षा बंद झाल्या. त्याच वर्षी जेम्स ब्राउनचं ते गाणं आलं ज्यापासून फंकची सुरुवात मानतात. योगायोगच असेल, पण आम्हाला तो आवडला. पुढे १९७५ साली जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट नावाच्या बँडनं ‘चॉकलेट सिटी’ ही रेकॉर्ड काढली. वॉशिंग्टन ही त्या देशाची राजधानी, तिथे तेव्हा काळी वस्ती जास्त, आणि शंभरएक वर्षांनी पहिल्यांदा तिथल्या लोकांना आपला महापौर मतानं निवडता आला होता. त्या आनंदाची ती रेकॉर्ड. म्हणजे ज्या गाण्यांवर आज लोक नुसते नाचतात, ती मत नुकतंच हातात आलेल्या माणसांची गाणी आहेत. त्यांच्या शेजारी टेबल मांडणं हे तिथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे मताची गाणी फार आधीपासून आहेत, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्याच नाशिक जिल्ह्यातून जातो.

भीमराव कर्डक हे नाव आपल्यापैकी कुणी ऐकलं असेल. नाशिककडचेच. १९३०च्या सुमारास त्यांनी जलसा उभा केला. तमाशाचाच बाज, ढोलकी, झील धरणारे, सवाल-जवाब. पण त्यात देवळाची, पाणवठ्याची, शिक्षणाची गोष्ट. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो असं बाबासाहेब आंबेडकर म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. त्या निवडणुकीत जलसेवाल्यांनी गावोगाव रात्री जागवल्या. पुढे वामनदादा कर्डक आले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाळा न शिकलेले, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले, आणि मग गाण्यांचा डोंगर रचला.

पण १९३७ साली मत कुणाला होतं, हेही पाहायला हवं. जमिनीचा सारा भरणाऱ्याला, घरपट्टी भरणाऱ्याला, शिकलेल्याला. मुंबई प्रांतात बायकांना मताचा हक्क १९२१ सालीच मिळाला होता आणि ते मोठंच काम झालं होतं, पण तो हक्क मालमत्तेला चिकटलेला. ज्या बाईच्या नावावर काही नाही तिला मतही नाही. १९३७ सालापर्यंत अटी थोड्या सैल झाल्या होत्या, मतदाराच्या बायकोलाही काही ठिकाणी जागा मिळाली होती. तरी जलसा ऐकायला मैदानात बसलेल्या शंभर माणसांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. ते गाणं ऐकत होते, आणि घरी जात होते.

मुंबईत १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी तमाशाची ढोलकी ठेवली, पण गणात देवाऐवजी मायभूमीला आणि राबणाऱ्यांना वंदन घातलं. ‘शेटजींचे इलेक्शन’ नावाचा त्यांचा वगच आहे. नावातच सगळं आलं. पैसेवाला उमेदवार पाड्यावर आला की कसा गोड बोलतो हे दाखवायला त्यांना फार कल्पना लढवावी लागली नसणार. पुढे सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा त्याच खेळाला लोकनाट्य म्हणायला लागले.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. १९५७ची निवडणूक. अमर शेखांचा आवाज असा की माइक बंद पडला तरी मैदानाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाई, असं त्या काळची माणसं सांगत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीनं मोठी मुसंडी मारली. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि आपल्या शेजारचा डांग गुजरातेत गेला. आपल्या माहेरच्या वाटा मधूनच दोन राज्यांत वाटल्या गेल्या. त्याविषयी पुढे बोलतो, कारण त्याचाही मतदारयादीशी संबंध आहे.

त्या चळवळीतली अण्णा भाऊंची एक छक्कड सगळ्यांना माहीत आहे, ‘माझी मैना गावावर राहिली’. मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस, गावाकडे राहिलेली त्याची मैना. त्या मैनेच्या विरहातून तुटलेल्या प्रदेशाचं दुःख सांगितलंय, आणि काय सांगितलंय! आम्ही ती ऐकली की आमच्याही डोळ्यांत पाणी येतं. पण पुन्हा ऐकताना आमच्यातली एक जण म्हणाली, सगळे मैनेबद्दल गातात, मैनेचं नाव यादीत होतं का हे कुणी विचारलं का? आम्ही हसलो. मग हसू थांबलं.

कारण ती नुसती थट्टा नव्हती. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१च्या ऑक्टोबरपासून १९५२च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. सतरा कोटींवर मतदार. आता जमीन लागत नव्हती, शाळा लागत नव्हती, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला मत. दर शंभरात पंचाऐंशींना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांची माणसं घरोघर नावं लिहायला गेली तेव्हा काही राज्यांत एक विचित्र अडचण आली. बाया आपलं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही ही रीत. सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, स्वतःचं नाव हवं. बिहारात तर नावं सांगायला महिनाभर मुदत वाढवून दिली. तरी शेवटी देशभरातल्या जवळजवळ अठ्ठावीस लाख बायांची नावं यादीतून काढावी लागली. जास्त करून बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतली. सेन यांच्यावर तेव्हा टीका झाली. आम्हाला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं, पण ज्या अठ्ठावीस लाख जणी राहिल्या त्यांचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. नंतरच्या निवडणुकीत यातल्या पुष्कळ नावांची भरपाई झाली.

महाराष्ट्रात हा प्रकार तितका नव्हता. पण नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, हे आपल्याकडेही आहेच. सरळ घ्यायचं नाही, यमकात घ्यायचं. बाई घेते त्या उखाण्यात तिचं स्वतःचं नाव मात्र नसतं, आणि लग्नात तर कित्येक घरांत ते बदलूनच टाकतात.

आणि आपला सुरगाणा? सुरगाणा तेव्हा संस्थान होतं. देशमुखांचं राज्य. ब्रिटिश प्रांतात १९२०, १९३७, १९४६ साली ज्या निवडणुका झाल्या त्या डोंगराच्या पलीकडे झाल्या. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि नाशिक जिल्ह्यात आलं. त्यानंतर चार वर्षांच्या आत इथल्या माणसानं देशासाठी पहिलं मत दिलं. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल, सगळ्यांनी एकदम. जमीनदाराला एक मत, त्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईलाही एकच मत. फॅनी लू हेमरला ज्यासाठी आणखी दहा-बारा वर्षं मार खावा लागला, ते आपल्या आज्यांच्या हातात कागदाच्या एका चिठ्ठीनं आलं. त्यामागे मोठी चळवळ आणि घटना होती, फुकट आलं असं कुणी समजू नये. पण आपल्याकडे नापास करायला कुणी परीक्षा ठेवली नव्हती, हे खरंच.

आता गोव्याची गोष्ट. आम्हाला सापडलेल्यातली ही सगळ्यात आवडती आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा पोर्तुगीजांपासून सुटला. मग प्रश्न आला, गोव्यानं महाराष्ट्रात सामील व्हायचं की वेगळं, केंद्रशासित राहायचं? १९६३च्या निवडणुकीत विलीनीकरण हवं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला होता, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले होते. दुसऱ्या बाजूला कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, गोवा गोवाच राहू द्या म्हणणारे लोक. शेवटी दिल्लीनं ठरवलं, लोकांनाच विचारू. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल घ्यायचा. भारतात अशा प्रश्नावर सरळ लोकांचं मत विचारण्याचा प्रसंग क्वचितच आलाय. सरकारच्या हाताखाली मतदान नको म्हणून बांदोडकरांनी त्याआधी राजीनामा दिला. चिन्हं दोन. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं.

त्या वेळी गोव्यात टीव्ही नाही, कित्येक वाड्यांना रस्ता नाही. मग बोलायचं कसं? गाण्यानं. मडगावचे उल्हास बुयांव हे गायक जय गोमंतक कलापथक घेऊन गावोगाव फिरले. कोकणी गाणी. देवळापुढे, चर्चच्या आवारात, भाटात, जिथे माणसं जमतील तिथे. हिंदू गावात आणि ख्रिस्ती गावात तीच गाणी, त्याच चालीत. ही फार मोठी गोष्ट होती, कारण कौलाचा कल धर्मावर पडेल असं पुष्कळांना वाटत होतं. शब्द दोन्हीकडे कळत होते आणि चाल दोन्हीकडे पाय हलवत होती.

यातली गंमत बघा. कलापथक हा शब्द, ट्रकवर किंवा ओट्यावर उभं राहून गायची पद्धत, मध्ये चार शब्द बोलायचे आणि पुन्हा गाणं, हे सगळं महाराष्ट्रातल्या कलापथकांसारखंच. राष्ट्र सेवा दलाची, लाल बावट्याची कलापथकं त्याआधी वीसेक वर्षं हेच करत होती. ज्या हत्यारानं महाराष्ट्र मिळवला, तेच हत्यार महाराष्ट्रात जायला नको म्हणणाऱ्यांनी वापरलं. आणखी एक. विलीनीकरणाच्या विरोधात जे वर्तमानपत्र सगळ्यात जोरात लिहीत होतं, ते ‘राष्ट्रमत’, ते मराठीत निघायचं. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात यायचं. मराठीतूनच सांगत होते की आम्हाला महाराष्ट्रात यायचं नाही. आपल्याला वाईट वाटण्याचं कारण नाही. सासरी जायचं की नाही हे मुलीला तिच्याच भाषेत विचारावं आणि तिनं कुठल्याही भाषेत नाही म्हणावं, तिचा तो हक्क.

कौल झाला. तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर मतदार, त्यातले जवळजवळ ८२ टक्के लोक मत द्यायला आले. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१. म्हणजे सतराएक हजार माणसांनी फुलाऐवजी पान निवडलं नसतं, तर गोवा आज महाराष्ट्राचा जिल्हा असता. गाण्यानं किती मतं फिरली हे कुणी मोजलेलं नाही, मोजताही येणार नाही. पण इतकी माणसं उठून केंद्रावर आली, त्यात त्या गाण्यांचा वाटा होता असं गोव्यातली जुनी माणसं आजही मानतात.

आणि गोव्यातही टेबलाचा प्रश्न आलाच. पोटासाठी मुंबईला आणि परदेशी गेलेले हजारो गोवेकर होते. त्यांनाही या कौलात मत द्यायला मिळावं अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. गोव्याची गाणी ज्यांनी मुंबईत बसून गायली, त्यांना गोव्याविषयी मत नव्हतं.

इथे आम्ही थांबलो आणि आपल्या तालुक्याकडे पाहिलं.

आपल्याकडे भात-नागली घरात आली की निम्मा पाडा रिकामा होतो. दिंडोरीला, निफाडला द्राक्षाच्या कामाला, कुणी आणखी लांब. निवडणूक त्याच दिवसांत आली की घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. दुसरी गोष्ट, लग्नाची. डांगातली मुलगी इकडे येते, इकडची तिकडे जाते. भाषा तीच, देव तेच, डोंगऱ्यादेवाची पावरी तीच. पण तिचं नाव राहतं गुजरातच्या यादीत, गुजराती अक्षरांत. इकडे ती पाच वर्षं राबते, दोन लेकरं होतात, आणि मतदानाच्या दिवशी ती घर सांभाळते, कारण ‘आपलं नाव नाही इथं’. तिसरी गोष्ट, नावाची. आधार कार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, यादीत तिसरंच. आणि मग मावशीसारखं, होतं ते नाव कधी गेलं हेच कळत नाही.

यातल्या एकाही गोष्टीवर गाणं उपाय नाही. हे आम्ही गाणाऱ्या बाया आहोत म्हणून जास्तच ठामपणे सांगतो.

तर नाव पाहायचं कसं, ते ऐका. यादी गावच्या बीएलओकडे असते. बीएलओ बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेचे गुरुजी असतात, म्हणजे ओळखीचेच. नव्यानं नाव घालायचं असेल तर सहा नंबरचा अर्ज. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नाव हलवायचं असेल, किंवा नाव, वय चुकलं असेल, तर आठ नंबरचा अर्ज. डांगातून आलेल्या सुनांनी हा आठ नंबर लक्षात ठेवा. पूर्वी वर्षात एकाच तारखेला अठरा पूर्ण असावी लागत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. फोन करायचा तर १९५० हा नंबर. आणि मजुरीला गेलेल्यांसाठी, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असा कायदाच आहे आणि तो रोजंदारीच्या माणसालाही लागू आहे. बागवाल्याला हे तुम्ही सांगू शकता. सांगितल्यावर तो काय म्हणेल ते आम्हाला माहीत आहे, तरी सांगा. चारजणी मिळून सांगा.

आम्ही स्वतः काय केलं ते सांगतो आणि थांबतो. २५ जानेवारी हा मतदार दिवस असतो, २०११ सालापासून. गेल्या खेपेला आम्ही संबळवाल्या बाबांना बोलावलं, आणि फेराच्या बाजूला एक टेबल मांडलं. शाळेतून उसनं आणलेलं, एक पाय डुगडुगणारं. त्यावर पाड्याची यादी आणि दोन नंबरांचे अर्ज. कॉलेजातल्या दोन पोरी बसल्या. फेरातून दमून बाहेर आलेल्या बाईला पाणी द्यायचं आणि तिचं नाव विचारायचं. अमक्याची आई असं म्हणाली की पोरी हसून म्हणायच्या, तुमचं सांगा. मग यादीतून ते नाव मोठ्यानं वाचायचं. काही बाया दोनदा आल्या. नाव यादीत असलेल्याही आल्या, नुसतं मोठ्यानं ऐकायला.

बाबांनी एक सूचना केली आणि आम्ही ती मानली. प्रत्येक नाव वाचून झालं की संबळावर एक ठोका.

मावशीचा अर्ज सगळ्यात आधी भरला. यथावकाश तिचं नाव यादीत आलं. वय मात्र आठ वर्षांनी कमी लागलंय. आठ नंबरचा अर्ज भरून दुरुस्त करू, असं आम्ही म्हटलं. मावशी म्हणाली, राहू दे, नाव बरोबर आहे ना.